वर्गणीतून आलेला चेंडू

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये सामना सुरू व्हायच्या सव्वा तास आधी दोन्ही संघ आपापली अकरा नावं जाहीर करतात. लंडनच्या आर्सेनल क्लबचं ॲप फोनमध्ये असलं की ती लगेच कळतात, मग तुम्ही स्टेडियमच्या दारात असा नाहीतर खडकी बाजारात मेथीची जुडी निवडत असा. लंडनमधला शनिवारी दुपारी तीनचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला येतो. त्यामुळे सव्वासातला खिशात फोन थरथरला की भाजीवाल्या मावशींना "एक मिनिट हं" म्हणून मी आधी नावं वाचून घेतो. डावीकडे कोण, मधल्या फळीत कुणाला बसवलंय, गोलकीपर तोच आहे ना. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने मात्र थंडीत रात्री दीडला सुरू होतात. सकाळी सगळ्यांना कामं असतात, शाळा असते, तेव्हा टीव्ही लावायचा प्रश्नच नाही. ॲपवर क्लबचं स्वतःचं समालोचन ऐकायला मिळतं, ते एका कानात घालून अंधारात पडून राहायचं. बघण्यापेक्षा ऐकण्यात एक वेगळी गोडी आहे असं मला मनापासून वाटतं. चेंडू कुठे आहे हे मनातल्या मनात मांडावं लागतं, आणि प्रेक्षकांचा आवाज चढायला लागला की समालोचक काही बोलायच्या आधीच पोटात गोळा येतो.

बातम्या, मुलाखती, सरावाचे व्हिडिओ, पुरुषांच्या आणि महिलांच्या संघाचं वेळापत्रक, मैदानात जाणाऱ्यांची तिकिटं, दुकान, असं सगळं आजकाल मोठ्या क्लबांच्या ॲपमध्ये एकत्र मिळतं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते मात्र ज्यावर लोकांची बोटं क्वचित जातात ते: जुनं. जुने गोल, जुने खेळाडू, क्लब कसा सुरू झाला त्याच्या हकिगती. ज्या माणसाने लंडन पाहिलेलं नाही, ज्याच्या घराण्यात कुणी त्या मैदानावर गेलेलं नाही, त्याला क्लबशी नातं जोडायला गोलांच्या क्लिपा पुरत नाहीत. त्याला आधी काय काय झालं ते माहीत असावं लागतं.

मी खडकीचा. बाबांची सगळी नोकरी ॲम्युनिशन फॅक्टरीत झाली आणि माझं लहानपण रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये गेलं. भोंगा झाला की आई कुकर लावायची, दुसरा भोंगा झाला की आम्ही खेळ आवरून घरी. आर्सेनलकडे मी ओढला गेलो तो खेळामुळे. २००३-०४ च्या हंगामात हा संघ लीगचे ३८ सामने खेळला, २६ जिंकला, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. पुढे ती मालिका ४९ सामन्यांपर्यंत गेली. थिएरी हेन्री डावीकडून आत शिरायचा आणि समोरचे चार जण नुसते मागे मागे सरकायचे, ते ज्याने तेव्हा पाहिलंय त्याला वेगळं कारण सांगावं लागत नाही. शर्टावर छातीपाशी तोफ होती. त्या तोफेमागची गोष्ट मला सविस्तर कळली ती बऱ्याच वर्षांनी, एका डिसेंबरात फोनवर क्लबच्या स्थापनेबद्दल वाचत होतो तेव्हा. बाबा शेजारी पेपर घेऊन बसले होते.

"बाबा, ऐका. हा क्लब दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलाय."

पेपर खाली आला. "कुठल्या कारखान्यातल्या?"

"लंडनला वुलिच म्हणून भाग आहे, तिथला रॉयल आर्सेनल. तोफा, दारूगोळा, सगळं तिथे बनायचं."

"सेक्शन कुठला?"

हा प्रश्न फॅक्टरीत आयुष्य काढलेला माणूसच विचारणार. आणि त्याचं उत्तर होतं, हे विशेष. डायल स्क्वेअर नावाचं एक वर्कशॉप होतं. दारावर सूर्यघड्याळ होतं म्हणून ते नाव. १८८६ च्या अखेरीस तिथल्या कामगारांनी संघ काढला आणि त्याचं नावही डायल स्क्वेअरच ठेवलं.

"पैसे कुणी दिले? मॅनेजमेंटने?"

"नाही. पंधरा जणांनी सहा-सहा पेन्स काढले. डेव्हिड डॅन्स्किन म्हणून स्कॉटलंडहून आलेला कामगार होता, त्याने पदरचे तीन शिलिंग घातले. त्यातून चेंडू आणला."

बाबांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "शिलिंगचे बारा पेन्स ना? म्हणजे साडेसात शिलिंग वर्गणी आणि वर तीन. साडेदहा." मग म्हणाले, "जो वर्गणी मागायला फिरतो त्याच्याच खिशाला जास्त चाट बसते. इथेही तसंच होतं."

इथेही म्हणजे खडकीत. आमची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, म्हणजे आर्सेनल क्लबपेक्षा सतरा वर्षांनी मोठी. फॅक्टरीतल्या पोरांचा संघ होता, संध्याकाळी इस्टेटच्या मैदानावर खेळ चालायचा, हे मला ऐकून माहीत होतं. पण बाबा त्या संघासाठी वर्गणी गोळा करत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एका परक्या क्लबच्या जुन्या गोष्टीने आमच्या घरातली जुनी गोष्ट बाहेर काढली.

त्यानंतर आमचा नादच झाला. मी वाचायचं आणि बाबांनी मध्येमध्ये विचारायचं. लाल रंग कुठून आला? त्या कामगारांत फ्रेड बिअर्डस्ली हा नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेला गोलकीपर होता. त्याने जुन्या क्लबकडे शब्द टाकला आणि फॉरेस्टने लाल शर्टांचा संच पाठवून दिला. आर्सेनल आजही लालच घालतो. पहिला सामना कधी? ११ डिसेंबर १८८६, थेम्सपलीकडे आइल ऑफ डॉग्जवर, ईस्टर्न वाँडरर्स नावाच्या संघाशी. ६-० ने जिंकले. मैदान कसं होतं? हे उत्तर मला फार आवडतं. मैदानाला धड आकार नव्हता, बऱ्याचशा बाजूंनी घरांची परसं होती आणि उरलेल्या बाजूला चक्क उघडं गटार वाहत होतं. हे आपल्याला माहीत आहे, कारण क्लबचा पहिला सचिव एलिजा वॉटकिन्स याने ती आठवण मागे ठेवली. बाबा गटारावर खूश झाले. चेंडू गटारात गेला की काढायचा कुणी, यावर त्यांनी आपल्या संघातले दोन किस्से सांगितले.

त्या वॉटकिन्सबद्दल मी पुष्कळ विचार करतो. तो काही खेळाडू म्हणून गाजला नाही. पण सहा गोल कसे झाले यापेक्षा गटार कुठे होतं हे त्याने सांगून ठेवलं, म्हणून १८८६ चा तो दिवस आपल्याला डोळ्यांसमोर आणता येतो.

पुढचा सगळा प्रवास घडामोडींचा आहे. नाव बदलून रॉयल आर्सेनल झालं. १८९१ मध्ये, ज्या वर्षी आपल्या मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला त्या वर्षी, क्लब व्यावसायिक झाला. १८९३ मध्ये वुलिच आर्सेनल या नावाने तो फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दाखल झाला. इंग्लंडच्या दक्षिणेकडून लीगमध्ये गेलेला तो पहिला क्लब. हाच काळ पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहण्याचा. तिकडे आणि इकडे साधी माणसं चार-चार आणे काढून काहीतरी उभं करत होती.

मग वाईट दिवस आले. वुलिच लंडनच्या कडेला, जाणं-येणं अवघड, गर्दी होईना. १९१० मध्ये क्लब जवळजवळ बुडाला होता. हेन्री नॉरिस या बांधकामातल्या धनिकाने तो ताब्यात घेतला आणि १९१३ मध्ये सरळ उचलून थेम्सच्या पलीकडे, उत्तर लंडनमध्ये हायबरीला नेला. पुढच्या वर्षी नावातलं 'वुलिच' गेलं. कारखाना दक्षिणेला राहिला, त्याचं नाव आणि तोफ उत्तरेला गेली. ज्या लोकांनी सहा-सहा पेन्स काढले, ज्यांची पोरं त्या मैदानाच्या कडेला उभी राहून मोठी झाली, त्यांच्या हातून क्लब गेला.

बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की."

आपल्यासारखं म्हणजे बालेवाडीसारखं. ज्यांनी ती वर्षं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगायला हवं. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००७ मध्ये पुणे एफसी स्थापन झाला, २००९ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, पोहोचला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. २०१२-१३ मध्ये, डेरिक परेरा प्रशिक्षक असताना, तर तो दुसरा आला, फक्त चर्चिल ब्रदर्सच्या मागे. जपानमध्ये जन्मलेला आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळलेला अराता इझुमी आपल्या पुणे एफसीचा होता. केरळचा अनस एडाथोडिका इथेच बचावात उभा राहून मोठा झाला आणि नंतर भारतीय संघात गेला. औंधवरून बालेवाडीला जाताना रस्त्यावर लाल शर्टातली पोरं दिसायची, तेव्हा हे माझं शहर आहे असं आतून वाटायचं.

२०१४-१५ च्या हंगामात तर पुण्याचे तीन संघ देशाच्या वरच्या फुटबॉलमध्ये होते: आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, आणि नव्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेला डेव्हिड त्रेझेगे त्या पहिल्या वर्षी पुणे सिटीकडून खेळला. भारत एफसी एका हंगामात संपला. पुणे एफसीने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून गेला. उरला पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो आक्रमणात असताना तो उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत बंगळुरूशी ०-० बरोबरी झाली, त्या रात्री आम्ही गॅलरीत शेवटपर्यंत उभेच होतो. परतीच्या सामन्यात बंगळुरूच्या सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि ३-१ असं सगळं संपलं. २०१९ मध्ये तोही क्लब बंद झाला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. तीनच वर्षांत हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली.

कारणं लपलेली नाहीत. देशात दोन लीग झाल्या, पैसा आणि टीव्ही एका बाजूला गेला, दुसऱ्या बाजूच्या क्लबांना खर्च भागवणं कठीण झालं. आणि आपले क्लब कंपन्यांचे होते. कंपनीने हात काढला की दुसऱ्या दिवशी कुलूप. पण हेही मान्य करायला हवं की आज आर्सेनलही कामगारांचा राहिलेला नाही. स्टॅन क्रोएन्के या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने २०१८ मध्ये संपूर्ण मालकी घेतली आणि छोट्या भागधारकांना आपले शेअर द्यावे लागले. त्यात नुसत्या प्रेमाखातर एखादा शेअर जपून ठेवणारे पाठीराखेही होते. म्हणजे मालक कोण, एवढ्याने क्लब टिकतो किंवा जातो असं म्हणता येत नाही. आर्सेनलने जागा बदलली, नाव बदललं, मालक बदलले, २००६ मध्ये हायबरीही सोडलं. तरी तो १८८६ चाच आर्सेनल आहे, कारण दर टप्प्यावर कुणीतरी मागचं लिहून ठेवलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. आधी सचिवाची आठवण, मग सामन्याच्या दिवशी विकली जाणारी छापील पत्रिका, मग क्लबचं संग्रहालय, मग वेबसाइट, आणि आता माझ्या खिशातलं ॲप. माझ्या लेखी ॲपची खरी किंमत इथे आहे. हा त्याच वहीचा पुढचा भाग आहे.

मोठ्या क्लबांच्या ॲप करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी हा भाग आणखी पुढे आणावा. नवा शर्ट विकायलाच हवा, त्यावर क्लब चालतो. पण आफ्रिकेत, आशियात बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गटाराकाठचं ते मैदान दाखवा. हर्बर्ट चॅपमन या प्रशिक्षकाच्या खटपटीने १९३२ मध्ये एका भुयारी रेल्वे स्टेशनचं नाव बदलून 'आर्सेनल' झालं, हे त्याला सांगा. २६ मे १९८९ ला लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, दोन गोलांच्या फरकाने जिंकलो तरच लीग मिळणार होती आणि मायकेल थॉमसने दुसरा गोल अगदी शेवटच्या मिनिटाला केला, ते समालोचनासकट ऐकवा. मग २०२३, २०२४, २०२५ असा लागोपाठ तीनदा दुसरा नंबर आला तरी तो मुलगा कुठे जात नाही.

माझी मुलगी हे सगळं वेगळ्या दारातून शिकली. तिच्यासाठी आर्सेनल म्हणजे आधी महिलांचा संघ, कारण ॲपमध्ये दोन्ही संघांचे सामने एकाच यादीत दिसतात आणि तिला त्यात काही वेगळं वाटत नाही. २४ मे २०२५ ला लिस्बनमध्ये स्टीना ब्लॅकस्टेनियसने बार्सिलोनाविरुद्ध गोल केला आणि आर्सेनलच्या मुलींनी युरोपचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा शेजारच्यांनी दार वाजवलं इतकी ती ओरडली. नंतर मी तिला सांगितलं की पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा इंग्लंडमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका काम करायच्या, फुटबॉलही खेळायच्या. प्रेस्टनच्या डिक, कर या कारखान्यातल्या मुलींचा १९२० मधला एक सामना बघायला ५३ हजार माणसं आली होती. आणि पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. ती उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाहीतर केवढा इतिहास असता आमचा."

तिचं वाक्य मी बालेवाडीला लावून पाहिलं. आपल्यावर तर कुणी बंदी घातली नव्हती. ज्या पुण्यात प्रत्येक गणपती मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते, ज्यात पहिल्या वर्षीचा वर्गणीदार, मांडववाला, लेझीम पथकातली मुलं, सगळ्यांची नावं असतात, ज्या पुण्यात तालमींचा आणि नाटक मंडळ्यांचा इतिहास लोक तोंडपाठ सांगतात, त्या पुण्यात देशात दुसऱ्या आलेल्या फुटबॉल संघाची एक साधी स्मरणिका माझ्या पाहण्यात नाही. इथे खेळ कमी नव्हता. खडकी, दापोडी, कॅम्प, वानवडी, रास्ता पेठ, जिथे जिथे पलटणी, कारखाने आणि रेल्वे होती तिथे तिथे पोरं फुटबॉल खेळत मोठी झाली. जिल्ह्याची लीग आजही चालते. पण क्लब बंद झाला की त्याचं सामान कुणाच्या तरी गोदामात जातं, पानं नेटवरून उतरतात, आणि उरतं ते लोकांच्या माळ्यावर.

म्हणून आम्ही काही जणांनी माळे उपसायला सुरुवात केली आहे. सुरुवात आमच्याच घरापासून. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत पगाराच्या स्लिपा आणि सोसायटीच्या पावत्यांखाली फॅक्टरीच्या संघाचा एक काळा-पांढरा फोटो निघाला. सात जण उभे, चार जण उकिडवे, मधल्याच्या मांडीवर शिवण उसवलेला चेंडू. शर्ट एकसारखे आहेत, पण चड्ड्या ज्याच्या त्याच्या घरच्या. दोघे अनवाणी. मागे शाईच्या पेनाने डावीकडून उजवीकडे अकरा नावं, आणि प्रत्येक नावापुढे सेक्शन. टूल रूम, स्टोअर्स, मेंटेनन्स. बाबांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून कोण कुठे खेळायचं ते सांगितलं, मी रेकॉर्ड करून घेतलं. त्यातल्या एका काकांच्या नातवाकडून आता आणखी दोन फोटो आणि एका स्थानिक स्पर्धेची छापील गुणपत्रिका मिळाली आहे.

हे सगळं स्कॅन करून, वर्ष आणि मैदान लिहून, कुणालाही फोनवर बघता येईल अशा ठिकाणी ठेवायचं काम चालू आहे. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी मांडणी बघतात. अजून ते ॲप म्हणावं असं नाही, पण सामन्यानुसार शोधता येतं. सध्या आम्हाला सगळ्यात जास्त हवंय ते पुणे एफसीच्या २०१२-१३ च्या हंगामातलं काहीही: तिकिटं, सामन्याची पत्रिका, गॅलरीतून काढलेले फोटो, पेपरमधली कात्रणं. त्याआधीचं जिल्हा लीगचं, पलटणींचं, कारखान्यांचं असेल तर उत्तमच. मूळ वस्तू आम्ही मागत नाही, घरी येऊन स्कॅन करून लगेच परत देतो. फोनवरूनच फोटो काढून पाठवणार असाल तर मागच्या बाजूचाही काढा. नावं बहुतेक तिथेच असतात.